ड्रोन घेताना आधी गिंबल पाहा

जत्रा असो, बैलगाडा शर्यत असो की पाटलांच्या घरचे लग्न असो, आताशा डोक्यावर भुंग्यासारखा आवाज करीत ड्रोन फिरल्याशिवाय कार्यक्रम पार पडल्यासारखा वाटत नाही. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतीचा महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. तेव्हापासून घाटाघाटांत ड्रोनवाल्यांची चलती आहे. ग्रामपंचायतीही मागे नाहीत. नाला खोलीकरण, सलग समतल चर, शेततळी, वृक्षलागवड अशा कामांचे वरून चित्रण करून घ्यायची पद्धत पडली आहे. हे पाहून बारावी झालेली पोरे घरी हट्ट धरतात, "ड्रोन घेऊन द्या, धंदा करतो." सोसायटीचे कर्ज डोक्यावर असताना बाप म्हैस विकून पैसे उभे करतो. हा पैसा फिटणार की बुडणार, हे पुष्कळदा मुठीत मावेल एवढ्या एका भागावर ठरते. त्या भागाला गिंबल म्हणतात, काहीजण जिंबलही म्हणतात.

गिंबल म्हणजे काय हे समजायला पुस्तक नको, घरची कोंबडी पुरे. कोंबडी दोन्ही हातांत अलगद धरा आणि तिचे अंग डावीकडे-उजवीकडे, वर-खाली हलवा. अंग हलते, पण डोके जिथल्या तिथे राहते. नजर ढळत नाही. ड्रोन हे अंग आणि कॅमेरा हे डोके धरले, तर मधली मान म्हणजे गिंबल. गिंबलमध्ये तीन छोट्या मोटारी असतात. एक पुढे-मागे झुकणे सांभाळते, दुसरी डाव्या-उजव्या कुशीवर कलणे आणि तिसरी आडवे वळणे. आत एक बारीक संवेदक बसवलेला असतो. ड्रोन किती आणि कुठल्या बाजूला कलला हे तो सेकंदाला शेकडो वेळा मोजतो. ड्रोन डावीकडे कलला की मोटार कॅमेऱ्याला तेवढाच उजवीकडे वळवते. कल्पना जुनीच आहे. समुद्रावरच्या जहाजांचे होकायंत्र कड्यांच्या अशाच जोडणीत टांगत, म्हणजे जहाज डोलले तरी होकायंत्र सपाट राही. तिथे वजन काम करी, इथे मोटार करते.

आता ही भानगड हवीच कशाला, असा प्रश्न कुणीही विचारील. कॅमेरा पोटाला घट्ट आवळून का चालत नाही? कारण ड्रोन सरळ राहून पुढे जाऊच शकत नाही. चार पंख्यांच्या ड्रोनला पुढे जायचे तर नाक खाली घालावे लागते, थांबायचे तर नाक वर करावे लागते. वारा असला तर जागेवर थांबण्यासाठीसुद्धा त्याला वाऱ्याच्या दिशेने कलून उभे राहावे लागते. म्हणजे आवळलेला कॅमेरा कधी आभाळ दाखवणार, कधी माती. आपल्या पठारावर दुपारचा वारा कसा सुटतो हे पाखडणी करणाऱ्याला सांगायला नको. शिवाय पंख्यांची थरथर असते ती वेगळीच. कॅमेरा चित्र एकदम टिपत नाही, वरून खाली ओळीओळीने वाचतो. त्यामुळे थरथर लागली की विजेचे खांब आणि देवळाचा कळस रबरासारखे वळवळताना दिसतात. या थरथरीसाठी गिंबलच्या वर छोटी रबरे लावलेली असतात, ट्रॅक्टरच्या सीटखाली स्प्रिंग असते तशी.

किमतीचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्यातून पुष्कळ कळते. चीनमधील शेन्झेन येथील डीजेआय कंपनीने जानेवारी २०१३ मध्ये फँटम नावाचा ड्रोन ६७९ डॉलरला आणला. त्याला स्वतःचा कॅमेराही नव्हता आणि गिंबलही नव्हते. लोक खाली छोटा कॅमेरा अडकवत. हलणारे चित्र पाहून वैतागलेल्यांसाठी त्याच कंपनीने वेगळे गिंबल विकायला काढले. त्याची किंमत सुरुवातीला जवळपास ड्रोनइतकीच होती. म्हणजे बैल घ्यायचा तेवढ्याच पैशांत वेसण! तरीही लोकांनी घेतले, कारण त्यावाचून चित्र विकले जात नव्हते. एप्रिल २०१४ मध्ये तीन मोटारींचे गिंबल ड्रोनलाच जोडून मिळू लागले. ऑक्टोबर २०१९ मध्ये तर २४९ ग्रॅम वजनाचा आख्खा ड्रोन, कॅमेरा आणि तीन मोटारींच्या गिंबलसकट, ३९९ डॉलरला बाजारात आला. सहा वर्षांत किंमत एवढी खाली आली.

पण आपल्याकडे हिशेब एवढा सरळ राहिलेला नाही. ९ फेब्रुवारी २०२२ रोजी केंद्र सरकारने परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांसाठी तेवढी सूट आहे. सुटे भाग आणायला परवानगी आहे. देशात ड्रोन तयार व्हावेत हा त्यामागचा हेतू. त्यामुळे दुकानात "फॉरेनचा माल आहे दादा" म्हणून जो ड्रोन पुढे केला जातो, तो बंदीआधीचा शिल्लक माल आहे की आडवाटेने आलेला, हे विचारायलाच हवे. पक्के बिल मिळत नसेल तर उठून यावे. बिल नाही, हमी नाही, आणि गिंबल मोडले की दुरुस्तीला नेमके कुठे जायचे तेही ठाऊक नाही, अशा मालाला स्वस्त म्हणता येत नाही.

मोडते ते मुख्यतः गिंबलच. ड्रोन झाडाला अडकून पडला तर पंखे तुटतात. ते फार महाग नसतात, घरी बदलता येतात. गिंबल मात्र नाकासारखे पुढे असते. त्याचा दांडा वाकतो, रबरे निसटतात, आणि मोटारींमधून गेलेली कागदासारखी पातळ पट्टीची वायर फाटते. ही वायर बदलणे म्हणजे घड्याळ खोलण्यासारखे नाजूक काम. शहरात पाठवा, आठ-पंधरा दिवस वाट पाहा. नेमके हे दिवस लग्नतिथीचे असले तर दुरुस्तीच्या पैशांपेक्षा बुडालेल्या सुपाऱ्यांचे नुकसान मोठे होते.

म्हणून धंद्यासाठी घेणाऱ्याने कागदावर हिशेब मांडावा. खालचे आकडे नुसते समजण्यासाठी धरले आहेत, आपापल्या भागातले दर घालून घ्यावेत. समजा, ड्रोन आणि जादा बॅटऱ्या मिळून ९०,००० रुपये लागले आणि सामान तीन हंगाम चालले, तर वर्षाला ३०,००० रुपये झिजले. वर्षातून एक मोठी गिंबल दुरुस्ती १५,००० धरा. प्रवास आणि किरकोळ खर्च १०,०००. एकूण ५५,०००. एका कामाचे ४,००० मिळाले तर पहिली चौदा कामे नुसत्या खर्चात जातात. पंधराव्या कामापासून घरात पैसा. ज्या पोराला वर्षात पंधरा कामे मिळायची खात्री नाही, त्याने स्वतःचा ड्रोन घेण्यापेक्षा कामापुरता भाड्याने आणावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि घेतलाच, तर प्रत्येक कामामागे हजारेक रुपये गिंबलच्या नावाने वेगळ्या खात्यात टाकावेत. बैलाच्या पेंडीचे पैसे आपण आधी काढून ठेवतो ना, तसेच.

"मग बिनगिंबलचा आठ-दहा हजारांचा घेतला तर?" हा प्रश्न हमखास येतो. खोक्यावर कॅमेऱ्याचे मोठमोठे आकडे छापलेले असतात. खाली बारीक अक्षरांत ईआयएस लिहिलेले असते. म्हणजे कॅमेरा हलतोच, पण यंत्रातली आज्ञावली चित्राच्या कडा कापून उरलेले चित्र जागेवर सरकवते. भर उन्हात, वारा नसताना हे थोडेफार चालून जाते. संध्याकाळच्या वरातीत मात्र फसते. उजेड कमी असला की एकेक चित्र टिपायला कॅमेऱ्याला जास्त वेळ लागतो, तेवढ्यात तो हलला की चित्रच फिसकटते. फिसकटलेले चित्र सरकवून नीट होत नाही. पोरांना खेळायला असा ड्रोन ठीक आहे. सुपारी घेऊन कुणाच्या मुलीच्या लग्नात तो उडवू नये, कारण लग्न पुन्हा लागत नाही. खोक्यावर "थ्री ॲक्सिस" आणि "मेकॅनिकल" हे दोन शब्द दिसले पाहिजेत.

पैसे मोजण्याआधी दुकानातच परीक्षा घ्यावी. पंखे काढायला लावा, ड्रोन चालू करा आणि तो हातात धरून त्या कोंबडीसारखा हलवा. पडद्यावरचे चित्र शांत राहिले, कॅमेरा थरथरला नाही, तर गिंबल जिवंत आहे. जुना ड्रोन घेताना तर हे केल्याशिवाय हात खिशात घालूच नये. त्याने आधी काढलेले चित्रण मोबाईलवर नको, टीव्हीवर लावून पाहावे. मोबाईलवर सगळेच सुंदर दिसते. खांब वळवळत असतील तर एकदम गिंबलला दोष देऊ नका. कधी कधी एखाद्या पंख्याच्या पात्याला खवंद पडलेली असते, पाते बदलले की चित्र नीट होते.

वापरातही काही गोष्टी सांभाळायच्या असतात. नेताना गिंबलला प्लास्टिकची टोपी असते, ती लावलीच पाहिजे आणि चालू करण्याआधी काढलीच पाहिजे. टोपीसकट चालू केला तर मोटारी अडून तापतात. सोयाबीनच्या धसकटात, गवतात, मुरमावर ठेवून उडवू नये. खाली घोंगडी किंवा चटई अंथरावी. कॅमेरा हाताने जोर लावून फिरवू नये. आणि जत्रेत गुलाल-भंडारा उधळत असताना पालखीच्या डोक्यावर ड्रोन नेऊ नये. ती भुकटी मोटारीच्या फटीत शिरते. खालच्या माणसांच्या जिवाला धोका असतो, ते तर आहेच. फार हलका ड्रोन जोराच्या वाऱ्यात इतका कलतो की गिंबलची हद्द संपते आणि क्षितिज तिरके दिसू लागते. म्हणून शिवाराचे चित्रण सकाळीच उरकावे.

शेतीच्या कामाला गिंबलचा उपयोग किती, हे सांगणे माझे कामच आहे. उभ्या पिकात पाणी कुठे साचले, कुठला पट्टा पिवळा पडला, तूर कुठे मरगळली हे वरून चटकन दिसते. पण पंधरा दिवसांनी काढलेले चित्र मागच्याशी ताडून पाहायचे तर दोन्ही वेळा कॅमेरा सरळ खाली, एकाच कोनात हवा. वाऱ्यात कललेल्या ड्रोनवर हे गिंबलच जमवते. तिरप्या चित्रात पानांवर ऊन वेगळे पडते आणि निरोगी पीकसुद्धा फिके वाटते. पाणलोटाच्या कामात कामाआधीचे आणि नंतरचे चित्रण घेताना हाच नियम.

फवारणीच्या ड्रोनशी मात्र याची गल्लत करू नये. नमो ड्रोन दीदी योजनेत देशातील १५,००० महिला बचत गटांना ड्रोन द्यायचे २०२३ मध्ये ठरले, खर्चाच्या ८० टक्के आणि जास्तीत जास्त ८ लाख रुपये साहाय्य. त्या ड्रोनवरचा कॅमेरा वाट दिसावी म्हणून असतो, चित्रण करण्यासाठी नव्हे. गटातील ताईंनी त्यावर लग्नाच्या सुपाऱ्या घ्यायचा विचारही करू नये. तसेच २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतील गावठाण मोजणी ही वेगळी गोष्ट. तिथे एकावर एक चढणारी हजारो छायाचित्रे आणि जमिनीवरचे मोजलेले बिंदू यांतून नकाशा होतो. भाऊबंदाच्या बांधाचा वाद पोराच्या ड्रोनच्या फिल्मवर सुटणार नाही, मग गिंबल कितीही भारी असो.

कायद्याचेही बघावे लागते. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला चालक प्रमाणपत्र लागत नाही. त्यापुढे २ किलोपर्यंत हौसेसाठी उडवायला लागत नाही, पण धंद्यासाठी लागते. त्यासाठी वय १८ ते ६५ आणि दहावी पास ही अट आहे, आणि प्रशिक्षण मान्यताप्राप्त संस्थेतच घ्यावे लागते. नियम मोडल्यास एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. विमानतळाजवळ आणि लाल क्षेत्रात तर परवानगीशिवाय उडवताच येत नाही. २४९ ग्रॅमच्या ड्रोनला वरून दिवा किंवा संरक्षक कडे चिकटवले की वजन २५० च्या पुढे जाते, हे ध्यानात ठेवावे.

सरपंच आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांना एक सुचवावेसे वाटते. कामाच्या चित्रणाचे दरपत्रक मागवताना नुसते "ड्रोन शूटिंग" असे लिहू नये. तीन अक्षांचे गिंबल असलेला ड्रोन, चालकाच्या प्रमाणपत्राची प्रत, कामाआधी आणि कामानंतर त्याच जागेवरून त्याच उंचीवर सरळ खाली घेतलेले चित्रण, आणि मूळ फाईल ग्रामपंचायतीच्या ताब्यात, एवढे लिहावे. नमुना म्हणून आधीचे एक चित्रण मागवून ते कार्यालयातल्या टीव्हीवर सदस्यांसमोर लावावे. दर सर्वांत कमी आणि खांब वळवळणारे, असे दरपत्रक आले तर नामंजुरीचे कारण इतिवृत्तात नोंदवून ठेवावे, म्हणजे पुढे लेखापरीक्षणात उत्तर देताना अडचण येणार नाही.