मनासाठी चालणे

शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परत जाताना आपल्या जालन्यावरून जाते. तुम्ही ती पाहिली असेल. वारकरी चालतात. गावकरी त्यांना पाणी देतात, जेवू घालतात. कोणी थकलेले पाय चेपून देतो. चालणारा दिसला, की लोकांचे हात आपोआप पुढे होतात.

याचा उपयोग दुसऱ्याच्या भल्यासाठीही होतो. चालायचे आपण, आणि मदत मागायची दुसऱ्यासाठी. विनोबा भावे असेच चालले. १९५१ साली तेलंगणातील पोचमपल्ली गावी त्यांना भूमिहीनांसाठी १०० एकर जमीन मिळाली. मग ते वर्षानुवर्षे पायी फिरले आणि गावोगाव जमीन मागितली. स्वतःसाठी त्यांनी काही मागितले नाही.

ब्रिटनमध्ये लोक मनाच्या आजाऱ्यांसाठीही असे चालतात. तेथे बेन नेव्हिस, स्केफेल पाइक आणि स्नोडन असे तीन डोंगर आहेत. हे तिन्ही २४ तासांत चढून उतरायचे, असा पण ते करतात. आपले कळसूबाई १६४६ मीटर उंच, तर बेन नेव्हिस १३४५ मीटर. पण एका दिवसात तीन डोंगर म्हणजे गंमत नव्हे! चालणारा आधी सर्वांना सांगतो, "मी हा पण केला आहे. तुम्ही अमुक संस्थेला यथाशक्ती पैसे द्या." त्या पैशातून संस्था आजाऱ्यांना व घरच्यांना सल्ला देतात, आधार देतात.

आता तुम्ही विचाराल, मनाला कसला आलाय आजार? ऐका.

माझा एक जुना विद्यार्थी शेतकरी आहे. दोन वर्षे पीक बुडाले. कर्ज वाढले. त्याची झोप उडाली. जेवण सुटले. तो माणसांत येईना. घरचे म्हणाले, "बाहेरचं काही असंल." गंडे झाले, दोरे झाले. गुण आला नाही. शेजारी काय म्हणतील, म्हणून कोणी बोलेना.

मी रोज पहाटे मोतीबागेकडे फिरायला जातो. एक दिवस त्याच्या दारात उभा राहिलो. म्हटले, "चल रे, माझ्यासंगं चार पावलं." आठ दिवस तो मुकाट्याने चालला. नवव्या दिवशी म्हणाला, "गुरुजी, जगावंसंच वाटंना."

मी उपदेश केला नाही. ऐकून घेतले. त्याच दिवशी त्याला सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. घरच्यांना समजावून सांगितले. काही महिन्यांनी तो पुन्हा शेतात उभा राहिला. चालण्याने मन हलके होते, हे खरे. पण चालणे म्हणजे औषध नव्हे. औषध डॉक्टरांचेच घ्यावे आणि त्यांना विचारल्याशिवाय सोडू नये.

मंडळी, ताप आला तर आपण सांगतो. मन दुखले तर लपवतो. ज्याचे जळते त्यालाच कळते, आणि तो तर बोलत नाही. म्हणून असे चालणे हवे. दहा माणसे उघडपणे म्हणतात, "आम्ही मनाच्या आजाऱ्यांसाठी चालतो." ते ऐकून घरात दडून बसलेल्याला वाटते, आपण एकटे नाही. जमलेल्या पैशाइतकेच हेही मोलाचे आहे.

१० ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन. त्या दिवशी आपणही गांधी चमनपासून चालू शकतो. डोंगरच हवा असे नाही. झेपेल तेवढेच चालावे. पाणी जवळ ठेवावे. पैसे नोंदणी झालेल्या संस्थेलाच द्यावेत, पावती घ्यावी आणि हिशेब सर्वांना वाचून दाखवावा.

२०१५ साली सरकारने १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला. त्यात आपला जालना जिल्हाही होता. २०२२ पासून 'टेली-मानस' ही फोनची सोय आहे. नंबर १४४१६. पैसे पडत नाहीत. रात्रीही फोन लागतो, मराठीत बोलता येते. आता तुम्हाला लिहिता येते. हा नंबर घराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

आणि आज एक करा. शेजारचा कोणी गप्प गप्प असेल, तर त्याच्या दारात जा आणि म्हणा, "चल, चार पावलं चालू."