मुंगीच्या पावलांनी आलेली बॅटरी

दरवर्षी नवा मोबाइल बाजारात येतो. कॅमेरा थोडा बरा, बॅटरी थोडी जास्त टिकणारी, किंमत मात्र भरपूर. ‘यात नवे ते काय?’ हा प्रश्न एका वर्षापुरता रास्तच असतो. पण मोबाइलच्या पोटातल्या लिथियम-आयन बॅटरीचा तीस वर्षांचा प्रवास एकत्र पाहिला, की उत्तर बदलते.

सोनीने ही बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आणली. तिच्या मूळ संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. सुरुवातीच्या बॅटरीत किलोमागे साधारण ८० वॅट-तास ऊर्जा मावत असे. आज चांगल्या बॅटरीत २५० हून अधिक मावते. ‘एमआयटी’तील संशोधकांनी २०२१ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, तेवढीच ऊर्जा साठवणाऱ्या बॅटरीची किंमत १९९१ पासून सुमारे ९७ टक्क्यांनी उतरली.

या मधल्या काळात नोबेल मिळावे असा दुसरा शोध लागला नाही. लागले ते बारीकसारीक शोध. ग्रॅफाइटमध्ये लिथियम भरपूर मावते, पण काही द्रावकांत त्याचे पापुद्रे सुटतात. योग्य द्रावक मिळाल्यावर ते सर्रास वापरता आले. दोन इलेक्ट्रोडमधला सच्छिद्र पडदा पातळ झाला, तशी वाचलेल्या जागेत ऊर्जा साठवणारे द्रव्य बसले. सिलिकॉन वजनाच्या मानाने ग्रॅफाइटच्या जवळपास दहापट लिथियम धरते, पण चार्ज होताना इतके फुगते की त्याला तडे जातात. म्हणून ते बेताबेताने मिसळले जाते.

ही पावले लहान असली तरी सोपी नसतात. २०१६ मध्ये सॅमसंगच्या ‘गॅलेक्सी नोट ७’ने पेट घेतल्याच्या घटना घडल्या आणि कंपनीला ते मोबाइल परत घ्यावे लागले. तपासात दोष निघाले ते बॅटरीच्या कोपऱ्यात कमी पडलेल्या जागेचे आणि वेल्डिंगचे.

या सुधारणांचे मोल मोबाइलबाहेर अधिक जाणवते. फुप्फुसाच्या आजारामुळे ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णाला एकेकाळी जड सिलिंडरजवळ बसून राहावे लागे. आता खांद्याला अडकवून नेता येणारे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर याच बॅटरीवर चालतात. रोज रात्री चार्ज करायची श्रवणयंत्रे आली. त्यामुळे थरथरत्या बोटांनी इवलासा सेल बदलण्याची ज्येष्ठांची कसरत वाचली. यातले काहीही एखाद्या वर्षाच्या सुधारणेने साधले नसते.

म्हणून प्रत्येक ‘नवे मॉडेल’ म्हणजे नवनिर्मिती ठरत नाही. चौथा कॅमेरा किंवा नवा रंग पुढच्या वर्षी विसरला जातो. खरी सुधारणा पुढच्या सुधारणेला पायरी देते आणि काल ज्याला जे जमत नव्हते, ते आज जमू देते. नवे उपकरण घेताना ते किती नवे आहे यापेक्षा, जुन्याने न जमणारे कोणते काम ते करते, हे विचारावे. उत्तर मिळाले नाही, तर जुने उपकरण अजून वर्षभर वापरायला हरकत नाही.