पत्ता नसलेल्या घरांचं इंटरनेट

रात्री साडेनऊला बदलापूरच्या कुठल्याही सोसायटीत जवळजवळ प्रत्येक घरात कोणीतरी व्हिडिओ बघत असतं. शंभर घरांची सोसायटी धरली तरी टीव्ही, मोबाइल, लॅपटॉप आणि कॅमेरे मिळून काहीशे यंत्रं एकाच वेळी जगाशी बोलत असतात. जुन्या पद्धतीच्या इंटरनेटवर यातल्या बहुतेक यंत्रांना जगाला दिसेल असा स्वतःचा पत्ताच नसतो. तरीही सिंगापूरच्या सर्व्हरवरून निघालेलं प्रत्येक पॅकेट तिसऱ्या मजल्यावरच्या नेमक्या त्याच मोबाइलवर येऊन पोचतं. शेजारच्या घरात एकही चुकून जात नाही. हे घडवून आणतो तो भिंतीवर टांगलेला, हिरवे दिवे लुकलुकणारा डबा, म्हणजे राउटर. आपण त्याच्याकडे फक्त नेट गेल्यावर बघतो.

मुळात पत्ते कमी का पडले? आयपीव्ही४ हा पत्ता ३२ बिटांचा. त्यातून एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते होतात, म्हणजे माणशी एकसुद्धा नाही. १५ ऑगस्ट १९९५ला व्हीएसएनएलनं भारतात सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं, त्याच्या आधीच जाणकारांना ही टंचाई दिसू लागली होती. मे १९९४मध्ये एगेवांग आणि फ्रान्सिस या दोघांनी एक छोटा मसुदा मांडला: अनेक यंत्रांनी मिळून एकच पत्ता वापरायचा आणि दारातल्या यंत्रानं पत्त्यांची अदलाबदल करत राहायचं. त्यांनी स्वतःच हा तात्पुरता उपाय असल्याचं लिहून ठेवलं होतं. तीस वर्षं उलटून गेली, तरी जगातली बहुसंख्य घरं आजही त्या तात्पुरत्या उपायावर चालतात. ३ फेब्रुवारी २०११ला जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून संपले आणि त्याच एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिकच्या वाट्याचे मोकळे पत्तेही शेवटच्या राखीव गठ्ठ्यावर आले.

उल्हासनगरच्या माणसाला ही व्यवस्था समजावून सांगावी लागत नाही. कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित राहिले, १९४९मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर नाव मिळालं, आणि पत्ते मात्र छावणीचेच राहिले: बराक नंबर अमुक, रूम नंबर पाच, कॅम्प चार. रूम नंबर पाच प्रत्येक बराकीत असते. नुसतं ‘रूम नंबर पाच’ लिहून पत्र टाकलं तर ते कुठेच पोचणार नाही, पण बराकीच्या आत तेवढं सांगितलं तरी पुरतं. १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते असेच आहेत. फेब्रुवारी १९९६च्या मानकात ते खासगी वापरासाठी राखलेले आहेत. तुमच्या टीव्हीचा पत्ता १९२.१६८.१.५ असेल तर अंबरनाथमधल्या, पुण्यातल्या आणि न्यू जर्सीतल्या असंख्य घरांत तोच पत्ता दुसऱ्या कुठल्या तरी यंत्राचा आहे.

आता राउटरचं काम अगदी जवळून बघू. समजा, अंबरनाथ पूर्वेला कोणी मोबाइलवर बँकेचं संकेतस्थळ उघडलं. मोबाइलचा घरातला पत्ता १९२.१६८.१.७. तो स्वतःसाठी एक पोर्ट क्रमांक निवडतो, समजा ५१५१४, आणि बँकेच्या सर्व्हरच्या ४४३ क्रमांकाच्या पोर्टकडे पॅकेट पाठवतो. (एका पत्त्यावर असे ६५,५३६ पोर्ट असतात, ४४३ हा सुरक्षित संकेतस्थळांचा.) राउटर पॅकेट हातात घेतो, पाठवणाऱ्याचा पत्ता काढून तिथे आपला बाहेरचा पत्ता घालतो, पोर्ट बदलून समजा ४००२१ करतो, पॅकेटची बेरीज-तपासणी नव्यानं मांडतो आणि आपल्या तक्त्यात एक ओळ टाकतो: ४००२१वर उत्तर आलं की ते १९२.१६८.१.७च्या ५१५१४ला द्यायचं. उत्तर आलं की हेच सगळं उलट. व्हिडिओ कॉल चालू असेल तर सेकंदाला शेकडो पॅकेटं, आणि प्रत्येकावर ही खाडाखोड. आपल्याला जाणवतही नाही.

ती ओळ तक्त्यात किती वेळ ठेवायची, याचंही मानक ठरलेलं आहे, आणि ते मला फार आवडतं. शांत पडलेली टीसीपी जोडणी किमान २ तास ४ मिनिटं विसरायची नाही. कारण ‘समोर कोणी आहे का’ ही चौकशी अशी जोडणी साधारणपणे दोन तासांनी एकदा करते. ती चौकशी पोचून उत्तर यायला वरची चार मिनिटं. कुणीतरी इतका बारीक विचार करून ठेवला आहे म्हणून आपलं नेट चालतं.

या तक्त्याचा एक परिणाम कुणी मुद्दाम योजलेला नव्हता. आतून कोणी बोलणं सुरू केलं तरच तक्त्यात ओळ पडते. बाहेरून आपणहून आलेल्या पॅकेटसाठी ओळच नसते, मग राउटर ते टाकून देतो. पत्त्यांच्या टंचाईवर काढलेल्या तोडग्यानं घराघराला असा आयता आडोसा मिळाला.

पण कधीकधी बाहेरून आत यायचंच असतं. कॅम्प दोनमधल्या कापडाच्या दुकानाच्या मालकाला रात्री घरी बसून दुकानातले कॅमेरे बघायचे असतात. त्यासाठी तक्त्यात हातानं एक कायमची ओळ लिहायची: बाहेरून या पोर्टवर जे येईल ते डीव्हीआरकडे (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राकडे) दे. यालाच पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. त्याआधी राउटरमध्ये डीव्हीआरचा आतला पत्ता पक्का करावा लागतो. नाहीतर पावसात लाइट जाऊन आली की डीव्हीआरला वेगळा पत्ता मिळतो आणि ती ओळ भलत्याच यंत्राकडे बोट दाखवत राहते.

आपल्या पट्ट्यात अनेकदा सगळं बरोबर करूनही फॉरवर्डिंग चालत नाही. कारण राउटरचा बाहेरचा पत्तासुद्धा खरा नसतो. सेवा देणाऱ्याकडे पत्ते अपुरे, म्हणून तो शेकडो ग्राहकांना मिळून एक खरा पत्ता देतो आणि अदलाबदल दुसऱ्यांदा त्याच्याकडे होते. त्यासाठी एप्रिल २०१२मध्ये १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हे ४१,९४,३०४ पत्ते राखून ठेवले गेले. राउटरच्या स्टेटस पानावरचा ‘वॅन आयपी’ या टप्प्यात किंवा १०ने सुरू होणारा असेल तर फॉरवर्डिंगवर संध्याकाळ घालवू नका. ऑपरेटरकडून स्टॅटिक आयपी घ्या, नाहीतर कॅमेऱ्याची क्लाउड सोय वापरा. त्यात डीव्हीआर स्वतःच बाहेर जोडणी करतो, त्यामुळे पोर्ट उघडावा लागत नाही. क्यूआर कोड स्कॅन करून कॅमेरे लगेच दिसतात ते यामुळेच.

खरा पत्ता मिळाला आणि पोर्ट उघडला, तर तो सापडायला किती वेळ लागतो? २०१३मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचा प्रोग्राम लिहिला. एका कॉम्प्युटरवरून, गिगाबिट जोडणीवर, आयपीव्ही४चे सगळे पत्ते एका पोर्टसाठी ४५ मिनिटांच्या आत तपासून होतात. कल्याणहून लोकलनं सीएसएमटीला पोचायलाही याहून जास्त वेळ लागतो. ‘माझ्या छोट्या दुकानाकडे कोण बघणार’ हा प्रश्नच त्यामुळे उरत नाही. सगळ्यांकडेच बघितलं जातं, सतत.

बघणाऱ्यांनी काय केलं तेही नोंदलेलं आहे. २०१६मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रामनं कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर शोधून त्यांच्यावर कारखान्यातून येणारी साठेक नाव-पासवर्डची जोडपी लावून बघितली. तेवढ्यावर लाखो यंत्रं त्याच्या ताब्यात गेली. २१ ऑक्टोबर २०१६ला या यंत्रांनी एकाच वेळी, संकेतस्थळांच्या नावांवरून पत्ते शोधून देणाऱ्या डिन या कंपनीवर मारा केला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा तासन्‌तास अडल्या. जुलै २०१७मध्ये आपल्याकडे बीएसएनएलच्या ब्रॉडबँड मोडेमवर हल्ला झाला. मूळचा पासवर्ड न बदललेले मोडेम त्यात सापडले आणि कंपनीला ग्राहकांना तो बदलण्याचं आवाहन करावं लागलं. फेब्रुवारी २०२५मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिरुग्णालयातल्या सीसीटीव्हीचं चित्रण ऑनलाइन विकलं जात असल्याचं उघड झालं, तेव्हा तपासाचे धागे लातूर आणि सांगलीपर्यंत आले. त्या बायकांच्या खासगीपणाची भरपाई कशानंही होणार नाही, आणि कॅमेरा लावताना हेच सगळ्यात आधी आठवायला हवं.

म्हणून राउटर उलटा करून खालचा स्टिकर वाचा. तिथे छापलेला किंवा ‘अ‍ॅडमिन’ हाच पासवर्ड अजून चालू असेल तर तो बदला. हा वायफायच्या पासवर्डहून वेगळा असतो, आणि बहुतेक घरांत तो कुणी कधीच बदललेला नसतो. वायफायसाठी डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडा. बाहेरून राउटर चालवण्याची सोय आणि यूपीएनपी बंद ठेवा, कारण यूपीएनपी चालू असेल तर घरातलं कुठलंही यंत्र तुम्हाला न विचारता पोर्ट उघडून घेतं. डीएमझेडच्या वाटेला जाऊ नका; त्यात एका यंत्रावर सगळेच पोर्ट मोकळे होतात. राउटरमध्ये व्हीपीएनची सोय असेल आणि तुमच्याकडे खरा पत्ता असेल, तर फॉरवर्डिंगपेक्षा ती कितीतरी बरी.

डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी पिन देऊन वायफायला जोडण्याची सोय, हीसुद्धा बंद करा; ती का बंद करायची, त्याचं गणित मात्र सांगितलंच पाहिजे. त्याचा पिन आठ आकडी, म्हणजे दहा कोटी शक्यता वाटतात. शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो, म्हणून उरल्या एक कोटी. डिसेंबर २०११मध्ये श्टेफान फीबॉक यांनी दाखवून दिलं, की राउटर पिनचे दोन तुकडे वेगवेगळे तपासतो आणि पहिला तुकडा चुकला की लगेच तसं कळवतो. पहिल्या चार आकड्यांसाठी १०,००० प्रयत्न, पुढच्या तिनांसाठी १,०००. एक कोटीचे झाले ११,०००. कुलूप कुठलंही न फोडता, निव्वळ बेरजेनं.

आणि आता हे सगळं चित्रच बदलतं आहे. आयपीव्ही६ वापरात भारत जगात आघाडीवर आहे, आणि या नव्या पद्धतीत एका घराला किमान २चा ६४वा घात इतके पत्ते मिळतात. आयपीव्ही४चं अख्खं इंटरनेट एका घरात ४२९ कोटी वेळा मावेल इतके! झेडमॅपच्या त्या वेगानं एवढे पत्ते तपासायला साडेतीन लाख वर्षांहून जास्त लागतील. पण आपण ज्या संकेतस्थळावर जातो त्याला आपला पत्ता आयताच कळतो, आणि इथे अदलाबदलीचा तक्ता नसतो. टंचाईनं दिलेला आडोसा गेला. मध्ये उभा राहतो तो फक्त राउटरचा फायरवॉल.

तुमच्या राउटरमध्ये आयपीव्ही६साठी फायरवॉल चालू आहे का, एवढं आजच बघून घ्या. पर्याय सापडत नसेल तर ऑपरेटरला फोन करून हाच प्रश्न नेमका विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत फोन ठेवू नका.