दहा की अकरा? (घरचा संगणक : लेखांक ९)

गेल्या आठवड्यात हार्ड डिस्क आणि एसएसडी यांचा हिशेब झाला. एक प्रश्न मुद्दाम मागे ठेवला होता, कारण तो दोन ओळींत उरकणारा नाही. गेम खेळायचे तर विंडोज १० वरून ११ वर जावं का?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चे नियमित अपडेट थांबवले आणि घराघरांत दोन तट पडले. ठाण्यापासून डोंबिवली-कल्याणपर्यंत दोन खोल्यांच्या घरात संगणक बहुधा एकच असतो. दिवसा त्यावर बाबांचं नेटबँकिंग, संध्याकाळी ताईचं प्रोजेक्ट, रात्री जेवणं आटोपली की धाकट्याचं व्हॅलोरंट. बाबांना वाटतं, जुनं ठेवलं तर पैशाला धोका. धाकट्याला वाटतं, नवं घातलं तर गेम अडखळणार. माझ्या मते बाबांची भीती खरी आहे आणि धाकट्याची बरीचशी ऐकीव.

आधी वेगाचं पाहू. त्याच यंत्रावर, त्याच ग्राफिक कार्डावर दहाच्या जागी अकरा आली तर बहुतेक गेममध्ये फ्रेमचा आकडा डोळ्यांना जाणवेल इतका बदलत नाही. जिथे खरोखर घट होते तिथे अनेकदा ‘मेमरी इंटेग्रिटी’ नावाच्या सुरक्षा-सोयीचा हात असतो. अकरा कोरी टाकली की ती बहुधा आपोआप चालू असते. गेमवर तिचा परिणाम होऊ शकतो हे खुद्द मायक्रोसॉफ्टच सांगतं आणि बंद करण्याची वाटही दाखवतं : विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन. पण ज्या यंत्रावर बँकेचे व्यवहार होतात तिथे चार-पाच टक्के फ्रेमसाठी ती बंद करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

अकराची बदनामी अगदीच निराधार नव्हती. ऑक्टोबर २०२१ मध्ये ती आली तेव्हा रायझन प्रोसेसरच्या कॅशमध्ये घोळ होऊन गेम मंदावले होते. दुरुस्ती त्याच महिन्यात आली. २०२४ च्या अखेरीस २४एच२ आवृत्तीनं युबिसॉफ्टचे काही गेम लटकवले, अ‍ॅसॅसिन्स क्रीड मालिकेतले त्यांत होते. तेव्हा शहाणपण इतकंच, की वर्षाची मोठी आवृत्ती पहिल्या आठवड्यात घेऊ नये. उलट बाजूला, ‘डायरेक्टएक्स १२ अल्टिमेट अकरावरच चालतं’ हे दुकानात हमखास ऐकायला मिळणारं वाक्य खोटं आहे. ते दहावरही चालतं. अकराचा ठोस फायदा मिळतो तो इंटेलच्या बाराव्या पिढीपासूनच्या, लहान-मोठे कोअर एकत्र असलेल्या काही प्रोसेसरना. कोणतं काम कोणत्या कोअरला द्यायचं, हे अकराला अधिक चांगलं कळतं.

खरी मेख वेगात नाही, दारावरच्या तपासणीत आहे. व्हॅलोरंटचं ‘व्हॅनगार्ड’ हे लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर गेमबरोबर सुरू होत नाही, संगणकाबरोबर सुरू होतं. डब्यात चढलेल्यांना शोधत फिरण्यापेक्षा टीसीनं पुलाच्या जिन्याखालीच उभं राहावं, तसं. विंडोज ११ वर त्याला ‘सिक्युअर बूट’ आणि ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा-चिप दोन्ही चालू लागतात. नसली तर ‘व्हॅन ९००१’ असा संदेश येतो आणि खेळ तिथेच संपतो. दहावर ही सक्ती सरसकट नाही. मात्र वारा कुठला हे ओळखा : १० ऑक्टोबर २०२५ ला आलेला बॅटलफील्ड ६ दहावरसुद्धा सिक्युअर बूटशिवाय चालत नाही आणि पुढच्याच महिन्यातल्या कॉल ऑफ ड्युटीनंही हीच अट घातली. काउंटर-स्ट्राइक २ ची तशी अट नाही.

आता लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या यंत्रांकडे येऊ. ऑफिसांतून निघालेल्या लॉटमधली डेलची ऑप्टिप्लेक्स, आत चौथ्या पिढीचा आय५, वर जीटीएक्स १०५० टीआय कार्ड. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरणाऱ्या कित्येक पोरांचा पहिला गेमिंग पीसी हाच. अकराच्या यादीत इंटेलची साधारण आठवी पिढी आणि त्यापुढचे प्रोसेसर बसतात. रायझनमध्ये २००० मालिकेपासून सुरुवात होते, पण २२००जी आणि २४००जी नावात २००० चे असूनही आत जुन्या रचनेचे, म्हणून बाहेर. २०१८ च्या सुमारास कमी बजेटमध्ये पीसी जुळवून घेणाऱ्यांत २२००जी फार लोकप्रिय होता, त्यामुळे हा फटका अनेकांना बसतो.

‘तपासणी चुकवून अकरा टाकून देतो’ असं म्हणणारे भेटतील. टाकता येते, हे खरं. पण अशा यंत्राला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. आणि गंमत पाहा : टीपीएम २.० नसलेल्या त्या चौथ्या पिढीच्या यंत्रावर दहा असताना जो व्हॅलोरंट सुरळीत चालत होता, तोच जबरदस्तीच्या अकरावर बंद पडतो. म्हणजे गेमसाठी अपग्रेड केलं आणि गेमच गेला.

यंत्र यादीत असेल तरी एक काम आधी करावं लागतं. ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडून ‘बायोस मोड’समोर ‘लेगसी’ दिसतं का ते पाहा. दिसलं तर आधी बॅकअप घ्या, मग मायक्रोसॉफ्टच्याच ‘एमबीआर२जीपीटी’ साधनानं डिस्कची मांडणी बदला आणि त्यानंतरच बायोसमध्ये यूईएफआय, सिक्युअर बूट आणि टीपीएम चालू करा. इंटेलच्या बोर्डावर टीपीएमला ‘पीटीटी’ म्हणतात, एएमडीवर ‘एफटीपीएम’. हा क्रम उलटला की विंडोज उठतच नाही आणि मग काउंटरवरचा मुलगा ‘फॉरमॅट मारावा लागेल’ म्हणतो. ताईचं प्रोजेक्ट तिथेच जातं.

बायोस अपडेट करायची वेळही येऊ शकते. एफटीपीएममुळे गेम मध्येच अडखळण्याचा दोष एएमडीनं २०२२ मध्ये मान्य केला आणि त्याचा इलाज नव्या बायोसमध्येच होता. डिसेंबर २०२५ मध्ये व्हॅलोरंटवाल्या रायट कंपनीनंही काही बोर्डांतली त्रुटी दाखवून बायोस बदलायला सांगितलं. आपल्याकडे हे काम यूपीएसशिवाय करू नये. बायोस लिहिला जात असताना वीज गेली तर मदरबोर्ड कायमचा बसू शकतो. देखभालीसाठी वीज जाण्याचा वार तर मुळीच निवडू नका.

ग्राफिक कार्डाचं वय मात्र सगळे विसरतात. एनव्हिडियानं जाहीर केल्याप्रमाणे १०५० टीआय, १०६० यांसारख्या कार्डांना ऑक्टोबर २०२५ नंतर नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर नाहीत, फक्त ऑक्टोबर २०२८ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या. आरटीएक्स कार्डांना विंडोज १० वर ऑक्टोबर २०२६ पर्यंत गेमचे ड्रायव्हर मिळतील. म्हणजे ज्याचं कार्डच निवृत्त झालं, त्यानं गेमसाठी अकराच्या मागे धावण्यात फारसा अर्थ नाही.

घाई नको, याला इतिहासाचाही आधार आहे. विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला, तरी स्टीमनं ती सोडली १ जानेवारी २०२४ ला. चार वर्षं गेम चालत राहिले. अजून ७ वर असलेल्यांनी मात्र आता थांबू नये. ७ आणि ८ च्या जुन्या कीवर नवी विंडोज सक्रिय होण्याची सोय २०२३ मध्ये बंद झाली, त्यामुळे परवाना विकत घ्यावा लागेल. अस्सल दहावरून अकरा फुकट मिळते. दुकानदारानं ‘अ‍ॅक्टिव्हेट करून दिलेली’ चोरटी प्रत असेल, तर गेमआधी बँकेच्या पासवर्डची चिंता करा. अशा अ‍ॅक्टिव्हेटरमधून काय काय आत येतं ते सांगता येत नाही.

ज्यांचं यंत्र अकराला चालत नाही त्यांच्यासाठी विंडोज १० च्या वाढीव सुरक्षा-अपडेटची योजना आहे. मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की ती फुकट मिळते. मुदत १३ ऑक्टोबर २०२६. तोवर प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम यांच्यासाठी पैसे साठवावेत. रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीस जे चढले ते पाहता नुसती रॅम वाढवून काय साधेल, हे तपासूनच खिशात हात घाला. यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. बोनसवर नवा पीसी घ्यायचा बेत असेल, तर मधले जेमतेम चार आठवडे बाबांनी बँकेचे व्यवहार फोनवर करावेत आणि जुन्या यंत्रावर धाकट्यानं खुशाल खेळावं.