अंतऱ्यात दडलेली नावं

ख्याल ऐकताना अंतऱ्यात, बहुतेक वेळा शेवटाकडे, एखादं नाव कानावरून जातं. सदारंग, मनरंग, प्रेमपिया, प्राणपिया, गुणीदास. ज्याने ती बंदिश बांधली त्याची ही मुद्रा. रागसंगीतात रचनाकार असा कुणी नसतोच, सगळी करामत गाणाऱ्याची, असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. गेल्या सव्वाशे वर्षांचा माग काढत गेलं की हे म्हणणं किती तोकडं आहे ते जाणवतं. रचनाकार होते, थोर होते, आणि आपलं नाव रचनेतच गुंफून गेले होते. आपण ते ऐकूनही विचारलं नाही, एवढंच.

या नावांत पहिला मान सदारंगाचा. दिल्लीच्या महंमदशहा रंगीलेच्या दरबारातला (१७१९ ते १७४८) हा बीनकार, खरं नाव नियामत खाँ. कितीतरी बंदिशींत त्याच्या नावाशेजारी बादशहाचंही नाव येतं. दिल्लीचा दरबार विस्कटला, पण या चिजा गवयांच्या गळ्यात राहिल्या आणि घराण्याघराण्यांतून खाली आल्या. चीज म्हणजे दौलत. ती पोटच्या पोराला किंवा गंडाबंद शागीर्दाला मिळायची, तीही उस्तादाची मर्जी असेल तर. मुलीच्या लग्नात हुंडा म्हणून चिजा दिल्याच्या कथा जुन्या मंडळींकडून ऐकायला मिळतात. अशा जपणुकीने काही बंदिशी तगल्या. किती मालकांबरोबरच गेल्या, त्याची गणती नाही.

वाळकेश्वरी जन्मलेले विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) या बंद पेट्यांपाशी जाऊन उभे राहिले. वकिलीचं शिक्षण, गायन उत्तेजक मंडळीतली तालीम, आणि मग विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातले ते प्रदीर्घ प्रवास, दक्षिणेपासून बंगालपर्यंत. जयपूरच्या मनरंग परंपरेतल्या उस्तादांकडून, रामपूर दरबाराकडून, ग्वाल्हेरच्या पंडितांकडून त्यांनी बंदिशी मिळवल्या, लिहून काढल्या आणि ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती – क्रमिक पुस्तक मालिका’ या सहा भागांत छापल्या. शेवटचा भाग हातात यायला ते स्वतः उरले नव्हते. त्याच काळात विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरला १९०१ साली गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं सामान्य घरांत नेलं. ते काम मोठंच आहे. पण बंदिशकारांचा माग काढणाऱ्याला वारंवार जावं लागतं ते भातखंड्यांच्या पानांपाशी.

ते पान जवळून पाहण्यासारखं आहे. वर तालाच्या मात्रा, समेपाशी गुणाकाराची खूण, कालेपाशी शून्य. स्वराखाली आडवी रेघ असली की तो कोमल, मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ असली की तीव्र. खाली टिंब म्हणजे मंद्र, वर टिंब म्हणजे तार. एका मात्रेत बसणाऱ्या स्वरांना खालून कंस, मींडेला वरून कमान. स्वरांच्या ओळीखाली शब्द, आणि अक्षर लांबवायचं तिथे अवग्रह. जयजयवंतीसारखा राग घ्या. दोन गंधार, दोन निषाद, मंद्र पंचमापर्यंत उतरून तिथून एकदम रिषभावर येणं, हे सगळं आरोह-अवरोहात सांगून समजत नाही. तीन-चार चांगल्या बंदिशी नीट बसवल्या की राग आपणच उलगडतो. बंदिश हा रागाविषयी रचनाकाराने केलेला विचार आहे आणि त्या विचाराला कर्ता असतो, हे मला या पानांनी पटवलं.

या पुस्तकांवर उस्तादांचा राग होता. कागदावर गाणं येत नाही, लोच कुठे, दम कुठे, असं ते म्हणत. त्यात तथ्य आहेच. तरीही माझं माप भातखंड्यांच्या बाजूने पडतं. सांगाडा उरला म्हणून पुढच्यांना त्यात प्राण फुंकता आला. आणि दुसरी गोष्ट अधिक मोलाची. जुन्या बंदिशी समोर पसरल्यावर नव्या बांधण्याचं धाडस आलं. भातखंड्यांनी स्वतः ‘चतुर’ या मुद्रेने लक्षणगीतं रचली. त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर ‘सुजान’ झाले, त्यांचे ‘अभिनवगीतमंजरी’चे भाग आजही शिकवणाऱ्यांच्या हाताशी असतात. रातंजनकरांचे शिष्य दिनकर कायकिणी ‘दिनरंग’. ही एक सलग वेल आहे.

दुसरी वेल आग्रा घराण्याची. बडोद्याच्या दरबारात असलेले फैयाज खाँ म्हणजे ‘प्रेमपिया’. त्यांची जयजयवंती तबकडीवर आहे. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं, तेव्हा पसाऱ्याला जागाच नाही. बोलांची फेक, समेवर येण्याची ती ऐट, सगळं बंदिशीच्याच अंगाने चालतं. त्याच घराण्यातले विलायत हुसेन खाँ ‘प्राणपिया’. मुंबईत त्यांनी खूप जणांना शिकवलं. त्यांचे शिष्य जगन्नाथबुवा पुरोहित म्हणजे ‘गुणीदास’. जोगकंस हा राग आणि त्यातल्या बंदिशी ही बुवांची देणगी आज इतक्या मैफलींत गायली जाते की ती जणू पूर्वापार चालत आली आहे असं वाटावं. ‘गुणीजान’ ही मुद्रा घेणारे चिं. रा. व्यास हे बुवांचेच शिष्य. गुरूच्या नावातला एक धागा शिष्याने आपल्या मुद्रेत ओवला, याहून सुंदर नातं मला दुसरं सुचत नाही.

कुमार गंधर्वांपाशी मात्र थोडं थांबावं लागतं. क्षयाने १९४८ साली त्यांना देवासला आणलं. गाण्याची मनाई. त्या वर्षांत माळव्याची लोकगीतं त्यांनी कान देऊन ऐकली, त्या धुनांतून राग शोधले, आणि १९६५ साली मौज प्रकाशनाने त्यांचं ‘अनूपरागविलास’ प्रसिद्ध केलं. त्यातल्या बंदिशींचे विषय पाहा. सास-ननंद आणि पियाची वाट या ठरलेल्या वाटेवर त्या थांबत नाहीत. ‘मधसुरजा’ या त्यांच्या रागात, भर दुपारच्या तापात, बळी द्यायला नेलेल्या मुक्या जनावराची विनवणी आहे. शब्द, प्रहर आणि स्वर एकाच वेदनेतून आलेले. ख्यालाच्या चार ओळींत हेही मावतं, हे कुमारांनी दाखवलं. बंदिशीचे शब्द गौण मानणाऱ्यांनी ही एक रचना ऐकावी.

याच काळात उलटंही घडत होतं. विलंबित ख्यालात अंतरा गाळण्याची रीत वाढली. अमीर खाँसाहेब बहुधा स्थायीवरच सारा विस्तार करत. ते गाणं अथांग आहे, त्याविषयी माझं काही म्हणणं नाही, आणि ‘सुररंग’ नावाने त्यांनी स्वतः उत्तम रचना केल्या. पण त्यांच्यामागून आलेल्यांनी सोय म्हणून अंतरा सोडला. अंतरा गेला की मुद्रा जाते, मुद्रा गेली की माणूस जातो. निवेदक राग सांगतो, ताल सांगतो, साथीदारांची नावं सांगतो. बंदिश कुणाची, हे अजूनही क्वचितच सांगितलं जातं, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्याला अर्धं मिनिटही लागत नाही.

मुद्रांची ही यादी पुरुषांची आहे, हेही लपवण्यात अर्थ नाही. ठुमरी-दादरे गाणाऱ्या किती स्त्रियांनी काय काय रचलं असेल, त्यावर कुणाचं नाव उरलं नाही. हे चित्र बदललं ते आपल्या डोळ्यांदेखत. प्रभा अत्रे यांनी स्वतःच्या बंदिशी गायल्या आणि स्वरलिपीसह पुस्तकांतून रसिकांपुढे ठेवल्या. अश्विनी भिडे-देशपांडे यांचं ‘रागरचनांजली’ २००४ साली आलं, पुढे त्याचा दुसरा भागही आला. या पुस्तकांबरोबर ध्वनिमुद्रणही आहे. त्यामुळे शिकणाऱ्याला पानावर बोट ठेवून रचनाकर्तीच्याच गळ्यातून ऐकता येतं की अमुक अक्षर कुठे लांबवायचं, कण कुठे लावायचा आणि समेआधी किती रेंगाळायचं.