‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले आहेत!’ : खोटा अँटीव्हायरस ओळखायचा आणि काढायचा कसा?

फुकट सिनेमाची लिंक किंवा एखादं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर शोधताना हा प्रकार तुम्ही पाहिला असेल. स्क्रीन लाल होते, सायरन वाजतो आणि ‘लगेच स्कॅन करा’ असं बटण येतं. बहुतेक वेळा तोपर्यंत कॉम्प्युटरमध्ये काहीही शिरलेलं नसतं. घाबरून आपण बटण दाबतो आणि चोराला स्वतःच दार उघडून देतो. या प्रकाराला ‘स्केअरवेअर’ म्हणतात, म्हणजे भीती दाखवून विकलेलं सॉफ्टवेअर.

ते स्कॅनिंग खरं असतं का?

नाही. ब्राउझरमध्ये उघडलेली वेबसाइट तुमच्या हार्ड डिस्कवरच्या फाइल्स परस्पर तपासू शकत नाही. तुम्ही स्वतः निवडून दिलेली फाइलच तिला वाचता येते. त्यामुळे वेब पेजवर सरकणारी ती टक्केवारीची पट्टी म्हणजे नुसतं अ‍ॅनिमेशन असतं.

हा धंदा जुनाच आहे

‘विनफिक्सर’, ‘अँटीव्हायरस २००९’ अशा नावांनी हे प्रोग्राम आले. २०११ मध्ये ‘मॅक डिफेंडर’ने मॅकवाल्यांनाही सोडलं नाही. अशा प्रोग्राममागच्या एका टोळीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००८ मध्ये केस केली. त्यात १० लाखांहून जास्त लोक फसले होते, आणि २०१२ मध्ये कोर्टाने १६ कोटी डॉलरपेक्षा जास्त रक्कम भरायचा आदेश दिला.

मोबाईलवर तर कमालच झाली. २०१४ मध्ये प्ले स्टोअरवर ‘व्हायरस शील्ड’ नावाचं ३.९९ डॉलरचं अ‍ॅप पैसे देऊन घ्यायच्या अ‍ॅप्समध्ये पहिल्या नंबरवर पोचलं. १० हजारांहून जास्त लोकांनी ते घेतलं. ते काय करायचं? टॅप केलं की फुलीचा आयकॉन बदलून बरोबरची खूण दाखवायचं. बस्स! गुगलने ते काढून टाकलं आणि लोकांना पैसे परत दिले. म्हणून फक्त स्टोअरवर आहे, रेटिंग चांगलं आहे, एवढ्यावर विश्वास ठेवू नका.

ओळखायचं कसं?

- तुम्ही इन्स्टॉल न केलेलं अँटीव्हायरस अचानक दिसतं.
- काही सेकंदांत शेकडो व्हायरस सापडतात, पण ते काढायला आधी पैसे लागतात.
- ते अनइन्स्टॉल होत नाही, किंवा टास्क मॅनेजर उघडू देत नाही.
- स्क्रीनवर ‘मायक्रोसॉफ्ट सपोर्ट’चा फोन नंबर असतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो.

शंका आली तर स्टार्ट मेन्यूमधून ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडा. विंडोज १० आणि ११ मध्ये ती आधीपासूनच असते. खरा धोका असेल तर तिथे दिसेल.

काढायचं कसं?

१. फक्त वेब पेज अडकलं असेल तर त्यावरच्या कुठल्याही बटणावर क्लिक करू नका, ‘बंद करा’वरसुद्धा नाही. कंट्रोल + शिफ्ट + एस्केप दाबा, टास्क मॅनेजरमध्ये ब्राउझर निवडा आणि ‘एंड टास्क’ करा. पुन्हा उघडताना जुने टॅब रिस्टोअर करू नका.

२. कोपऱ्यात सारखे इशारे येत असतील तर कुठल्या तरी साइटला तुम्ही ‘अलाऊ’ केलेलं असतं. ब्राउझरच्या सेटिंग्जमधल्या ‘नोटिफिकेशन्स’मध्ये जाऊन अनोळखी साइट्स काढा. अनोळखी एक्स्टेन्शनही उडवा.

३. प्रोग्राम इन्स्टॉल झाला असेल तर इंटरनेट बंद करा. सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅप्स’ उघडून यादी तारखेनुसार लावा. नुकतंच आलेलं अनोळखी नाव अनइन्स्टॉल करा.

४. तरी जात नसेल तर सेफ मोड वापरा. शिफ्ट दाबून धरून ‘रीस्टार्ट’ करा. मग ‘ट्रबलशूट’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’, ‘रीस्टार्ट’ असं जा आणि ४ दाबा. आता पायरी ३ पुन्हा करा. बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की मागितली जाऊ शकते, ती आधीच लिहून ठेवा.

५. शेवटी ऑफलाइन स्कॅन. कॉम्प्युटर नेहमीसारखा चालू करा. विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’खालच्या ‘स्कॅन ऑप्शन्स’मधून डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन निवडा. आधी चालू काम सेव्ह करा, कारण कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. साधारण १५ मिनिटं लागतात. विंडोज सुरू व्हायच्या आधीच हे स्कॅन चालतं, त्यामुळे लपून बसलेल्या प्रोग्रामला आडवं येता येत नाही.

पैसे गेले असतील तर?

लाजत बसू नका, इथे वेळ महत्त्वाचा आहे. बँकेला फोन करून कार्ड ब्लॉक करा आणि लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार द्या. कुणाला एनीडेस्कसारख्या अ‍ॅपमधून स्क्रीनचा ताबा दिला असेल, तर इंटरनेट तोडा, ते अ‍ॅप काढा आणि ईमेल व बँकेचे पासवर्ड दुसऱ्या डिव्हाइसवरून बदला.

आणि हो, घरचा कॉम्प्युटर आई-बाबाही वापरत असतील तर त्यांना एकच वाक्य सांगून ठेवा: ‘स्क्रीन लाल झाली तर काही दाबू नका, कुठल्या नंबरवर फोन करू नका, आधी मला हाक मारा.’