गुलाबी पडलेलं रीळ

भोकरदनच्या भंगारवाल्याने 16 मिलिमीटरच्या रिळांची पहिली पेटी मला किलोवर तोलून दिली. धावड्याला घरी आणून भिंतीवर लावली, तर सगळंच गुलाबी! झाडं गुलाबी, आभाळ गुलाबी, नटीच्या साडीचं तर विचारूच नका. वाटलं, प्रोजेक्टरचा दिवा बिघडला.

दिवा ठीक होता. रंगीत फिल्मवर निळसर, किरमिजी आणि पिवळा असे रंगाचे तीन थर असतात. जुन्या ईस्टमनकलर प्रिंटांत निळसर थर आधी उडतो, पिवळाही फिकटतो, उरतो किरमिजी. डबा बंद असला तरी हे चालूच राहतं, आणि उष्णतेने वेग घेतं. आमच्याकडचा मे महिना, त्यात पत्र्याचं छप्पर! कृष्णधवल प्रिंटांत चित्र चांदीचं असतं, म्हणून माझी तसली रिळं अजून ठणठणीत आहेत.

उडालेला रंग परत येत नाही. भिंगापुढे निळसर फिल्टर धरला की गुलाबीपणा जरा मरतो, पण चित्रही अंधारतं. मी आता डबे धाब्याच्या खोलीत हलवलेत. महिन्यातून एकदा झाकणं उघडून वास घेतो. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला की ते रीळ बाजूला. त्याची ॲसिटेटची पट्टी कुजायला लागलेली असते. बायको म्हणते, लोणच्याच्या बरणीत कधी एवढं डोकावला नाहीत.

तुमच्या माळ्यावर असा डबा असेल, तर भंगारात घालण्याआधी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला एकदा विचारा.